चाखणे आणि ढोसणे

थंडी मुरू लागली, की आपल्या धर्मग्रामांतून नाशिकच्या सहलींचे बेत शिजू लागतात. पूर्वी या प्रवासाचे निमित्त एकच असे : नाशिकरोडच्या बाळ येशूची फेब्रुवारीतील यात्रा. वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंतची कुटुंबे डबे बांधून निघत, दर्शन घेत, नवस फेडत आणि परतताना द्राक्षांच्या पेट्या घेऊन येत. गेल्या काही वर्षांत मात्र या बेतात एका नव्या आकर्षणाची भर पडली आहे. ते म्हणजे वायनरीत जाऊन वाईन चाखण्याचे. ‘वाईन आणि स्थलदर्शन’ अशी जोडसहल आता प्रतिष्ठेची मानली जाते, आणि धर्मग्रामातील उत्साही मंडळी तिची पत्रके घरोघरी पोहोचवतात.

या पत्रकांचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. शुक्रवारी रात्री प्रस्थान. शनिवारी सकाळी बाळ येशूचे दर्शन. अकराला पहिली वायनरी, दोनला दुसरी, सूर्यास्ताला तिसरी. रविवारी ‘वेळ मिळाल्यास’ पांडवलेणी. परतीच्या वाटेवर चौथी वायनरी. रविवारच्या मिस्साचा उल्लेख बहुधा नसतोच; तोही ‘वेळ मिळाल्यास’ या दोन शब्दांतच गृहीत धरलेला असावा. वाचकहो, आमचे भांडण या दोन शब्दांशी आहे. प्यायला वेळ राखून ठेवायचा आणि पाहायला वेळ मिळाला तर पाहायचे, अशा बेताला जोडसहल म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. त्यात जोड कशाचीच नाही. ती चार ठिकाणी विभागलेली एकच बैठक आहे.

आम्ही असे म्हणताच आपल्यातील एक वर्ग टाळ्या वाजवील. ‘द्राक्षारस वेदीवर ठीक, बाहेर ते पापच’ असे मानणारी ही सज्जन मंडळी आहेत. त्यांनी टाळ्या वाजवण्याची घाई करू नये. वेदीवरचा द्राक्षारस द्राक्षवेलीच्या फळापासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असा धर्मसभेचा नियम आहे. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू त्या द्राक्षारसाचा स्वीकार करताना वेलीच्या फळाची आणि मानवी श्रमांचीही आठवण ठेवतात. म्हणजे ज्या वस्तूत निसर्ग व श्रम यांचा मेळ आहे अशी ती वस्तू. ती कशी पिकते, कशी मुरते, हे जाऊन पाहण्यात पाप कसले? आपल्या मुलांनी ते पाहिले, तर अर्पणविधीचा अर्थ त्यांना अधिकच उमगेल.

दुसरा वर्ग याहून मोठा आणि याहून बोलका आहे. त्याच्या ओठांवर कानागावचे लग्न सदैव तयार असते. ‘प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला, मग तुम्ही कोण आम्हाला अडवणार?’ असा त्यांचा सवाल असतो. या मंडळींनी तो वृत्तांत एकदा शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची नम्र विनंती आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो द्राक्षारस प्रथम चाखला तो भोजनकारभाऱ्याने. त्याची जीभ जाणकार होती. एका घोटात त्याने उत्तम व मध्यम यांतला फरक ओळखला. परंतु तो द्राक्षारस कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पाणी भरणाऱ्या चाकरांना. शुभवर्तमानकाराने ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. चाखणाऱ्याला चव कळते आणि राबणाऱ्याला उगम कळतो. आपल्या सहली त्या भोजनकारभाऱ्याच्याही पायरीला पोहोचत नाहीत. कारण तेथे चव ओळखण्याइतकी उसंत नाही, आणि उगमाकडे तर कोणी फिरकतही नाही.

प्रथम चवीचेच पाहू. चाखणे आणि ढोसणे ही दोन भिन्न कृत्ये आहेत. चाखणारा पेला उजेडात धरून रंग पाहतो, पेला हलवून वास घेतो, घोटभर द्राव तोंडात घोळवतो आणि बहुतेक वेळा तो समोरच्या भांड्यात टाकून देतो. ते भांडे तेथे शोभेसाठी ठेवलेले नसते. दिवसभर वाईन पारखणारे व्यावसायिक घोट गिळत नाहीत. गिळला तर तिसऱ्या पेल्यानंतर पारख संपते, हे ते जाणतात. शेनिन ब्लाँ आधी आणि शिराझ नंतर, हलकी आधी आणि भारी नंतर, हा क्रमही त्यासाठीच असतो. आपल्या सहलीत मात्र त्या भांड्याचा वापर करणाऱ्याला ‘पैसे फुकट घालवले’ असे हिणवले जाते, आणि दिलेल्या पेल्यांचा फडशा पाडणाऱ्याची पाठ थोपटली जाते.

आता थोडे गणित मांडू. चाखण्यासाठी साधारणतः तीस मिलिलिटर वाईन ओततात आणि असे पाच-सहा नमुने देतात. सहा नमुन्यांची एकशे ऐंशी मिलिलिटर झाली. त्यात साडेबारा टक्के मद्यार्क धरला तर तो भरतो साडेबावीस मिलिलिटर. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगात तो सुमारे तेरा मिलिलिटर असतो. म्हणजे एका वायनरीतील ‘नुसते चाखणे’ हे जवळजवळ पावणेदोन पेग झाले. पत्रकातील तीन वायनऱ्या एका दिवसात उरकल्या, तर पाच पेगांहून अधिक. आणि जेवणाबरोबर मागवलेली बाटली या हिशेबात धरलेलीच नाही. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेस दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची भीती दाखवणे हा आमचा हेतू नाही. पण कसाऱ्याचा घाट अंधारात उतरताना स्टिअरिंगवर कोणाचे हात असतील, हे सहलीच्या पत्रकात कधी छापलेले आपण पाहिले आहे काय?

बहुधा ते हात अशा भावाचे किंवा जावयाचे असतात, ज्याने ‘थोडीच घेतली’ आहे. मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात आणि त्यांची आई डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे पाहत असते. सहलीची ती रात्र तिच्या दृष्टीने सहल नसतेच.

आमच्या मते खरा प्रश्न याहूनही खोल आहे. दारूने पोखरलेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. ती कोणती, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते आणि धर्मगुरूंनाही. त्या घरांत बाटली शिरली ती कधी दुःखाच्या वाटेने, कधी लग्नाच्या मांडवातून. आता तिला एक नवी वाट मिळू पाहत आहे, आणि ती संस्कृतीची आहे. देशी दारू पिणारा तो दारुडा, आणि वायनरीच्या गच्चीवर सूर्यास्त पाहत चौथा पेला रिचवणारा तो रसिक, असा हा नवा जातिभेद आहे. एकवीस वर्षांच्या आतील मुलांसमोर वडीलधारे जेव्हा ‘ही दारू नव्हे, वाईन’ असे सांगतात, तेव्हा ते मुलांना वाईन शिकवत नसतात, सबब शिकवत असतात. मद्यार्काला बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा भांडारांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हाच वाद पेटला होता. एका बाजूला ‘शेतकऱ्याचे हित’ आणि दुसऱ्या बाजूला ‘समाजाचा नाश’ अशा आरोळ्या उठल्या. त्या गदारोळात वाईन नेमकी कशी बनते आणि कोण बनवतो, हे जाणून घेण्याची तसदी दोन्ही बाजूंनी फारशी घेतली नाही.

म्हणून आता उगमाकडे वळू. नाशिकची द्राक्षे आपल्या परिचयाची आहेत. परंतु थॉमसन सीडलेस वा सोनाका यांसारखी खाण्याची द्राक्षे वेगळी आणि वाईनची वेगळी. वाईनचे मणी बारीक, सालीचे, बियांचे. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच वेगळा करून आंबवतात, तर तांबडीसाठी सालींसकट आंबवतात; रंग येतो तो सालीतून. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीमागे किलोभर किंवा थोडी अधिक द्राक्षे लागतात. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जातो. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे वेलाला विश्रांती कात्रीने द्यावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक एकच घ्यायचे. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला तर फुलोरा कुजतो. फेब्रुवारीत गारपीट झाली तर वर्ष बुडते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तोडणी होते. ज्याला वाईन समजून घ्यायची आहे त्याने याच दिवसांत जावे, कारण तेव्हाच द्राक्षांचे क्रेट येताना, रस निघताना, टाक्यांत आंबवण चालू असताना पाहता येते. पावसाळ्यात वायनरीत गेलेल्याला डोंगरावरचे ढग दिसतात. ते सुंदर असतात यात शंका नाही, पण त्यांच्यासाठी वायनरीची गरज नाही.

ही छाटणी, विरळणी आणि तोडणी करणारे हात कोणाचे? पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगराळ भागांतून आदिवासी बायाबापड्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला येतात. कानाच्या चाकरांप्रमाणे उगम त्यांना ठाऊक आहे. आपल्या सहली त्यांच्या शेजारून जातात. छायाचित्रासाठी वेलीला टेकून उभे राहायचे, मजूर चौकटीत आला तर त्याला बाजूला व्हायला सांगायचे, आणि मग ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहून ते छायाचित्र सगळ्यांना पाठवायचे, हा प्रकार आता सर्रास झाला आहे. वेदीसमोर ज्या श्रमांची आपण आठवण करतो, ते श्रम प्रत्यक्ष समोर उभे असताना त्यांना चौकटीबाहेर ढकलायचे, ही विसंगती आम्हाला मद्यपानाहूनही अधिक बोचते.

वाईनच्या व्यवसायाचा इतिहासही रंजक आहे. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळ वाईन बनवून परदेशी पाठवली. १९९० च्या दशकात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यात विंचूर येथे वाईन पार्क उभे राहिले. मालाला भाव नसेल तेव्हा द्राक्षाला दुसरी वाट असावी, हा त्यामागील एक विचार होता. ती वाट शेतकऱ्याला कितपत लाभली, हे ज्याला जाणायचे असेल त्याने चाखणी-कक्षाबाहेर पडून एखाद्या बागायतदाराशी अर्धा तास बोलावे. सहलीतला तोच अर्धा तास सर्वांत मोलाचा ठरेल.

आता स्थलदर्शनाकडे येऊ. कारण ‘वेळ मिळाल्यास’ या शब्दांचा खरा बळी तेच आहे. सुलाची वायनरी ज्या गावाच्या शिवारात आहे त्याचे नाव गोवर्धन. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी लेणे दान दिले आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण व्याज. पहिल्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळावीत, अशी ती व्यवस्था. मूळ रकमेला हात लावायचा नाही, हेही लेखात कोरले आहे. म्हणजे आज जेथे आपण पेला उंचावतो, त्या गावाचे नाव धारण करणाऱ्या नगरीत तेव्हा कोष्ट्यांची पतपेढी होती! पांडवलेण्यांतच सतराव्या लेण्याचा दाता स्वतःला यवन म्हणवतो. त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्याचा, त्यातही इटलीच्या मद्याचा, उल्लेख आहे. पैठणचा माल त्याच बंदराला जात असे. नाशिकची वाईन समजून घेण्यास याहून चांगली प्रस्तावना कोणती? पण पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायच्या तर डोके ताळ्यावर हवे, आणि सकाळ मोकळी हवी.

आणखी सांगू. नाशिकजवळचे जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव. १८६८ साली तेथे जन्मलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी ख्रिस्ती लेखनाला जे मानाचे पान दिले, त्याचा अभिमान आपण व्यासपीठावरून मिरवतो. मात्र आपल्या किती सहलींची वाट त्या गावाकडे वळते? नाशिक शहरातील शरणपूरचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांतील जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासातील सहकाऱ्यांत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणले, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला वेनराइट उपस्थित होता. शरणपूर रस्त्यावरून आपली गाडी जाते, गाणी वाजत असतात, आणि ही कथा खिडकीबाहेर राहून जाते. काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रहही असाच खिडकीबाहेर राहतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल : ‘आम्ही वर्षातून दोन दिवस विसाव्यासाठी जातो, तुम्ही तेथेही शाळा भरवता.’ आक्षेपात तथ्य आहे, आणि विसाव्याचा हक्क आम्हालाही प्रिय आहे. परंतु चार वायनऱ्यांमागे धावणे हा विसावा कोणत्या शब्दकोशात बसतो? ज्या सहलीहून परतल्यावर सोमवारी रजा घ्यावी लागते, ती विश्रांती नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. एका वायनरीऐवजी चार केल्या तर खर्च चौपट होतो, हे सांगायला अर्थशास्त्र नको. तिसरा आक्षेप असा, की समृद्धी महामार्गामुळे सारे जवळ आले आहे. खरे आहे, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि घाटाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पण वाचलेला तास पाचव्या वायनरीला द्यायचा की पांडवलेण्यांना, हे महामार्ग ठरवत नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हाला रुचत नाही. म्हणून बेत कसा असावा, तेही सांगतो. यात्रा आणि ही सहल वेगळी ठेवावी. बाळ येशूला जायचे तर भाविक म्हणून जावे. परतीच्या वाटेवरील पेल्याचे निमित्त म्हणून त्याच्या दारी उभे राहू नये. सहलीचा काळ जानेवारीचा मध्य ते राखेचा बुधवार एवढा धरावा. तोडणीही दिसेल आणि प्रायश्चित्तकाळाचा भंगही होणार नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून बेत आखणाऱ्यांनी २६ जानेवारी हा मद्यविक्रीबंदीचा दिवस आहे, हे आधीच ध्यानी घ्यावे. पहिल्या दिवशी सकाळी पांडवलेणी, दुपारी विसावा, सायंकाळी गोदाकाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर न्याहारी करून एकच वायनरी. आधी बाग आणि टाक्या पाहाव्यात, मग चाखणे. वाहन भाड्याचे आणि चालक व्यवसायी असावा. त्याच्या जेवणाची सोय सहलीच्या खर्चात धरावी. मुलांना बागेत न्यावे, चाखणी-कक्षात नव्हे. आणि त्यांना सांभाळण्याचे काम दर वेळी बायकांच्याच गळ्यात पडू नये. तिसऱ्या दिवशी पहाटे नांदूरमधमेश्वर. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ती पहिलीच. हिवाळी पाहुणे पक्षी तेथे फेब्रुवारीतही असतात. परतताना जलालपूर. आणि हा तिसरा दिवस रविवार असेल, तर मिस्साची वेळ पत्रकात पहिल्या ओळीत छापावी.

या बेतात वाईन आहे, आणि ती नीट चाखता येईल इतकीच आहे. ज्यांना तेवढी पुरत नाही, त्यांनी आपली तहान वाईनची नाही एवढे तरी मान्य करावे आणि त्या तहानेसाठी धर्मग्रामाच्या नावाने बस काढू नये. आपल्या धर्मग्राम परिषदांनी याबाबत स्पष्ट भूमिका घ्यावी, अशी आमची मागणी आहे. चर्चच्या फलकावर ज्या सहलीचे पत्रक लागते, तिच्या चालकाचे, वायनऱ्यांच्या संख्येचे आणि रविवारच्या मिस्साचे उत्तर आयोजकांनी आधी द्यावे. तेवढी तीन उत्तरे ज्यांना देता येत नाहीत, त्यांचे पत्रक फलकावरून उतरवावे.